पीएस ५ घरात असताना ४के डिस्कसाठी वेगळा प्लेअर घ्यावा का?

खिडकीतला अँटेना

डिस्क लावून चित्रपट पाहणारे अजून शिल्लक आहेत अशी आशा धरून धागा काढतोय.

सध्याची मांडणी अशी. ड्राइव्ह असलेला पीएस ५ (पहिला, जाडा), एलजी सी१ ओलेड ५५ इंची टीव्ही आणि २०१२ सालचा ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर). रिसीव्हर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (डिस्कवरचे बिनतोट्याचे आवाज-प्रकार) दोन्ही उलगडतो, पण ४के त्याच्या गावीही नाही. म्हणून पीएस ५ थेट टीव्हीला, आणि टीव्हीचा आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलटा नेण्याची सोय) रिसीव्हरला.

साठा: ४के ब्ल्यू-रे तीसेक, साध्या ब्ल्यू-रे पन्नासेक, डीव्हीडी शंभराच्या वर (हिंदी-मराठी, शिवाय काही अमेरिकेतून आलेल्या), मराठी नाटकांच्या व्हीसीडी एक खोकाभर, आणि ऑडिओ सीडी.

पॅनासॉनिक यूबी८२० किंवा सोनी एक्स७०० घेतल्याने डोळ्यांना आणि कानांना कळेल असा फरक पडतो का? की हे नुसतेच चोचले?

चकतीचंद

चित्राआधी आवाजाचं बोलू, कारण तुमची खरी गळती तिथे आहे.

एआरसी हा अरुंद बोळ आहे. त्यातून डॉल्बी डिजिटल जातं, डॉल्बी डिजिटल प्लस जातं, आणि पीसीएम (आधीच उलगडलेला आवाज) असेल तर फक्त दोन चॅनेल. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ त्यात मावतच नाहीत. त्यांना ईएआरसी, म्हणजे त्याचीच नवी, रुंद आवृत्ती लागते. तुमच्या सी१ ला ते आहे, पण २०१२ च्या रिसीव्हरला असणं शक्यच नाही, आणि दोन्ही टोकांना असल्याशिवाय उपयोग शून्य. त्यात एलजीने २०२० ते २०२२ च्या ओलेडमधून डीटीएस काढून टाकलं होतं, सी१ त्याच खेपेतला. ब्ल्यू-रेवर तर डीटीएसचा सुळसुळाट. म्हणजे पीएस ५ वरून डीटीएस बिटस्ट्रीम (न उलगडता, जसंच्या तसं) टीव्हीला पाठवलंत की टीव्ही मुका, आणि पीसीएम पाठवलंत की पुढे दोनच चॅनेल. मागचे स्पीकर शोभेला.

आता पीएस ५ रिसीव्हरला जोडून रिसीव्हरमधून टीव्हीला नेला तर? साध्या ब्ल्यू-रेसाठी उत्तम. १०८०पी ला जुनं एचडीसीपी १.४ (एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) चालतं, त्यामुळे चित्र पूर्ण आणि आवाजही पूर्ण. ४के डिस्कला मात्र वाटेतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ लागतं. ते नसलं की चित्र १०८०पी वर घसरतं आणि एचडीआरही (उजेड-अंधाराचा वाढीव पल्ला) जातं. मग ४के डिस्क घेतलीच कशाला?

या पेचावर वेगळा प्लेअर हा सरळ इलाज आहे. यूबी८२० आणि एक्स७०० दोघांनाही दोन एचडीएमआय आहेत. पहिल्यातून ४के चित्र टीव्हीला, दुसऱ्यातून फक्त आवाज रिसीव्हरला. रिसीव्हरला चित्राचं सोयरसुतक नाही, तो आपला ट्रूएचडी उलगडत बसतो. पीएस ५ ला एचडीएमआय एकच, तिथे ही सोय नाही आणि ऑप्टिकलही नाही. (ऑप्टिकल असतं तरी ट्रूएचडी त्यातून गेलं नसतंच.)

थोडक्यात, तुमच्या बाबतीत प्लेअर घेण्याचं पहिलं कारण दुसरं एचडीएमआय. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा प्रगत प्रकार) वगैरे त्याच्यानंतर.

कोरा पडदा

त्यापेक्षा एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या की. डॉल्बी व्हिजन आहे, ४के ड्राइव्ह आहे, गेमही होतील.

चकतीचंद

@कोरा पडदा, इथे बरेच जण फसतात. सिरीज एक्सवर डॉल्बी व्हिजन स्ट्रीमिंग ॲपना आणि गेमना आहे, डिस्कला नाही. डिस्क लावली की साधं एचडीआर, म्हणजे एचडीआर१० च. पीएस ५ वर तर डॉल्बी व्हिजन कुठेच नाही. एचडीएमआय सिरीज एक्सलाही एकच, म्हणजे धागाकर्त्याचा पेच जिथल्या तिथे.

एक्सबॉक्सच्या बाजूने दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. तो ऑडिओ सीडी वाजवतो, पीएस ५ वाजवत नाही (पीएस ४ ही नाही). आणि त्याच्यावर व्हीएलसी आणि कोडी दोन्ही मिळतात, त्यामुळे पेनड्राइव्हवरच्या एमकेव्ही फाइली चालतात. सोनीने पीएस ५ वर तेवढी साधी सोयही ठेवलेली नाही, प्लेक्ससारखं ॲप घेऊन घरातल्या संगणकावरून फाइल ओढावी लागते. पंचवीस वर्षांपूर्वी पीएस २ घेतलेल्या कित्येकांनी तो स्वस्त डीव्हीडी प्लेअर म्हणून घेतला होता, आणि आता ही तऱ्हा.

सबवूफर काका

खरेदीच्या आधी आहे त्या पीएस ५ च्या सेटिंग नीट करा. अर्धे लोक चुकीच्या सेटिंगवर चित्रपट पाहून कन्सोलला नावं ठेवतात.

एचडीआर: सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट, तिथे एचडीआरला 'ऑन व्हेन सपोर्टेड' ठेवा. 'ऑलवेज ऑन' असेल तर साधी ब्ल्यू-रे आणि डीव्हीडीसुद्धा एचडीआरच्या डब्यात भरून पाठवली जाते. मग रंग एकतर धुतल्यासारखे दिसतात नाहीतर चेहरे नारिंगी होतात.

डिस्कचा आवाज हे वेगळं प्रकरण आहे, मुख्य साउंड सेटिंगमध्ये शोधू नका. डिस्क चालू असताना ऑप्शन्स बटण दाबलं की खाली पट्टी येते, तिच्यातल्या सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट आहे. रिसीव्हरला थेट जोडलेला असेल तेव्हा बिटस्ट्रीम. लिनिअर पीसीएमवरही ट्रूएचडीचे ५.१ किंवा ७.१ चॅनेल बिनतोटा पोचतात, उलगडण्याचं काम फक्त कन्सोल करतो. पण ॲटमॉसची वरच्या स्पीकरची माहिती त्यात गळून पडते. तुमच्या ५.१ ला त्याचं सुखदुःख नाही. पुढे ॲटमॉसचा रिसीव्हर घेतलात तर लक्षात ठेवा.

स्ट्रीमिंग पीएस ५ वर पाहूच नका. टीव्हीतलं ॲप वापरा. सी१ ची ॲप डॉल्बी व्हिजन देतात. कन्सोलची ॲप ६० हर्ट्झवर चित्र पाठवतात, आणि २४ फ्रेमचा चित्रपट ६० मध्ये बसवायचा म्हणजे एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा. कॅमेरा संथ सरकतो तेव्हा जो बारीक हिसका जाणवतो तो यामुळे. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये 'रिअल सिनेमा' चालू असेल तर सी१ तो बराचसा सावरून घेतो, पण मुळात दुखणं ओढवून घ्याच कशाला? डिस्कला हा त्रास नाही, ती २४ हर्ट्झवर जाते.

वीज म्हणाल तर तो मुद्दा फुगवू नये. पीएस ५ डिस्क चालवताना प्लेअरपेक्षा साधारण ५० वॅट जास्त खातो असं धरा. अडीच तासांच्या चित्रपटाला एक अष्टमांश युनिट. आठ चित्रपटांमागे एक युनिट! यासाठी कोणी प्लेअर घेऊ नये.

कन्सोलचा खरा त्रास पंखा आणि ड्राइव्हचा. १०० जीबीची डिस्क जोरात फिरते आणि पहिल्या पीएस ५ ची घरघर शांत प्रसंगात ऐकू येते. आडवा ठेवला असेल तर खालचा स्टँड नीट बसलाय ना बघा, सैल असला तर थरथर लाकडी कपाटात उतरते आणि दुप्पट होते. आणि रिमोट: पीएस ५ ला इन्फ्रारेड नाही, सगळा कारभार ब्लूटूथवर. घरात एकच युनिव्हर्सल रिमोट असेल तर तो इथे कुचकामी. सोनीचा मीडिया रिमोट वेगळा घ्यावा लागतो किंवा एचडीएमआय डिव्हाइस लिंक चालू करून टीव्हीच्या रिमोटवर भागवावं लागतं.

चकतीचंद

आता चित्र.

४के डिस्क आणि स्ट्रीमिंग यांत फरक मोठा आहे, पण तो पीएस ५ वरही मिळतोच. डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत, स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५. अंधारे प्रसंग, धूर, पाऊस, फिल्मचा कण, इथे तो दिसतो. त्याच डिस्कवर पीएस ५ आणि यूबी८२० यांची एचडीआर१० मध्ये तुलना केलीत तर सोफ्यावरून ओळखणं अवघड. बिट तेच, डीकोडिंग तेच. 'प्लेअरने ४के जास्त धारदार दिसतं' असं दुकानदार म्हणाला तर हसून पुढे चला.

फरक दोन ठिकाणी पडतो.

पहिलं डॉल्बी व्हिजन. सी१ ची कमाल प्रखरता ७००-८०० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास. डिस्क १००० निट्सवर तयार केलेली असेल तर फार ओढाताण होत नाही. ४००० निट्सवाल्या डिस्कमध्ये मात्र ढग, दिव्यांचे झोत, स्फोट यांतला तपशील कुठे दाबायचा हे टीव्हीला ठरवावं लागतं. एचडीआर१० मध्ये अख्ख्या चित्रपटासाठी एकच माप मिळतं, डॉल्बी व्हिजनमध्ये प्रसंगागणिक सूचना येतात. यूबी८२० मध्ये शिवाय 'एचडीआर ऑप्टिमायझर' आहे: टीव्हीचा प्रकार ओलेड असा निवडायचा, मग एचडीआर१० डिस्कचा वरचा उजेड प्लेअरच आवरून टीव्हीला देतो. हे चालू केलं तर टीव्हीतलं 'डायनॅमिक टोन मॅपिंग' बंद करा. एकाच भाकरीला दोघांनी थापायचं नाही.

टीव्ही सॅमसंग असता तर हा परिच्छेद लिहिलाच नसता. सॅमसंग डॉल्बी व्हिजन घेत नाही, तिथे एचडीआर१०+ चालतं आणि त्या डिस्क मोजक्या.

एक्स७०० घेतलात तर एक गोम आहे. त्यात डॉल्बी व्हिजन आपोआप चालू-बंद होत नाही. सेटिंगमध्ये चालू ठेवलं की साधी एचडीआर१० डिस्कसुद्धा डॉल्बी व्हिजनच्या वेष्टनात जाते आणि रंग-उजेड बिघडतो. दर डिस्कच्या आधी खोक्याच्या मागचं चिन्ह बघून मेनूत जावं लागतं. तीस डिस्कसाठी जमेल, पण वैताग आहे. बदल्यात एक्स७०० एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) वाजवतो, यूबी८२० वाजवत नाही.

दुसरं ठिकाण डीव्हीडी. ७२० बाय ५७६ चं चित्र ३८४० बाय २१६० वर ताणायचं, तेही बऱ्याचदा इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत येणारं). पीएस ५ हे काम उरकल्यासारखं करतो, तिरक्या रेषांना दाते पडतात. पॅनासॉनिक यात सरस आहे. पण मूळ डीव्हीडीच वाईट दाबलेली असेल, एका डिस्कवर तीन चित्रपट कोंबलेल्या असतात तसली, तर कुठलंही यंत्र त्यात जीव ओतू शकत नाही.

कोणताही प्लेअर आला की पहिल्या दिवशी मेनूत 'सेकंडरी ऑडिओ' बंद करा. सोनीत त्याला 'बीडी ऑडिओ मिक्स' म्हणतात. तो चालू राहिला तर मेनूच्या टिकटिकीचा आवाज मिसळण्यापायी प्लेअर ट्रूएचडी सोडून साधं डॉल्बी पाठवतो, आणि लोक महिनोन् महिने रिसीव्हरवर ट्रूएचडीचा दिवा का लागत नाही म्हणून केबल बदलत बसतात.

लेन्सपुसणी

वरच्या सगळ्याला +१. पण रिजनबद्दल (डिस्क कुठल्या देशांतल्या यंत्रावर चालेल याचं बंधन) कोणीच बोललं नाही, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते.

४के डिस्कला रिजन नाही. अमेरिका, जपान, जर्मनी, कुठलीही आणा. साध्या ब्ल्यू-रेला आहे: भारत सी, अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि आखात बी. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १, युरोप, जपान आणि आखात २. कन्सोल ज्या बाजारातला, त्याच रिजनला बांधलेला, आणि तो सेटिंगमधून बदलता येत नाही. त्यामुळे दुबईहून आणलेल्या पीएस ५ वर ४के डिस्क मजेत चालतात आणि इथे घेतलेली सी ची ब्ल्यू-रे नाकारली जाऊ शकते. डिस्कच्या पाठीवरचं पृथ्वीगोलाचं चिन्ह बघा. बऱ्याच ब्ल्यू-रेवर ए-बी-सी तिन्ही असतात, आणि हिंदी डीव्हीडी तर बऱ्याचदा सर्व रिजनच्याच असतात. तुमच्या अमेरिकी डीव्हीडींवर १ असेल तर त्या भारतीय पीएस ५ वर चालायच्या नाहीत.

प्लेअरलाही हाच नियम. भारतात रीतसर मिळणारे ४के प्लेअर तुरळक. ओपोने २०१८ मध्येच हा धंदा सोडला, नंतर सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडले. त्यामुळे बहुतेक जण परदेशातून कोणाकडून तरी आणवतात. तेव्हा आधी व्होल्टेज बघा. अमेरिकेतल्या यूबी८२० च्या पाठीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो आपल्या २३० वर सरळ लावला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, १०० व्हीएचा पुरे, प्लेअर २५ वॅटच्या आसपासच खातो. ब्रिटन-युरोपातला आणला तर व्होल्टेजची कटकट नाही, फक्त पिन बदला. पीएस ५ चा पुरवठा १०० ते २४० व्होल्टचा असल्याने त्याला ही भीती नाही. कोणी अमेरिकेतून आणणार असेल तर पाल (आपल्याकडची चित्रपद्धत) डीव्हीडी चालतात का हेही विचारून घ्या, तिकडच्या यंत्रांत बऱ्याचदा फक्त एनटीएससी (अमेरिकी पद्धत) असतं आणि मराठी डीव्हीडींत पाल पुष्कळ.

विक्रेते 'सर्व रिजन' करून दिलेले प्लेअरही विकतात. त्यात बदल केलेला असतो, म्हणून कंपनीची हमी गेली असं समजूनच घ्या, आणि फर्मवेअर अपडेट करण्याआधी त्यालाच विचारा.

आता नाटकांच्या व्हीसीडी. पीएस ५, एक्सबॉक्स दोन्ही व्हीसीडी ओळखत नाहीत. नव्या ४के प्लेअरचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय त्याच्यावरही भिस्त ठेवू नका. गल्लीतला साधा एचडीएमआयवाला डीव्हीडी प्लेअर त्या बिनबोभाट चालवतो, बहुधा सगळ्या रिजनच्या डीव्हीडीही. पण माझं मत, व्हीसीडी चालवत बसू नका, उतरवून घ्या. संगणकाला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावा, डिस्कमध्ये 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं, त्यात एव्हीएसईक्यू०१ पासून पुढे क्रमांक असलेल्या डॅट फाइली. एखादी अगदी छोटी असते, ती कंपनीच्या जाहिरातीची. मोठ्या फाइली उचला, डॅटऐवजी एमपीजी शेपूट लावा, व्हीएलसीत चालतात. एक तासाचं नाटक ६०० एमबीच्या घरात. कॉपी मध्येच अडकली तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा, ड्राइव्हगणिक फरक पडतो. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ चं आहे, ५५ इंचावर चेहरे चौकटीचौकटीचे दिसणार. पण संवाद स्वच्छ असतात, आणि नाटकात आणखी काय हवं?

खिडकीतला अँटेना

भरभरून उत्तरं दिलीत, आभार. दोन शंका. बाजारात एचडीएमआय स्प्लिटर मिळतात, पीएस ५ ला तो लावून एक वाट टीव्हीला आणि एक रिसीव्हरला असं नाही का करता येणार? आणि दोन ४के डिस्क बरोबर मध्यावर अडखळतात, पुसल्या तरी तेच. ड्राइव्ह गेला म्हणायचा का?

चकतीचंद

स्प्लिटरने करता येतं, पण यंत्र नीट निवडावं लागतं. साधा स्प्लिटर दोन्ही टोकांची क्षमता विचारतो आणि दोघांना जमेल ते सर्वांत खालचं मागून घेतो. मग रिसीव्हरमुळे चित्र १०८०पी होतं, किंवा टीव्हीमुळे आवाज स्टिरिओ होतो. तुम्हाला हवा तो १८ गिगाबिटचा, एचडीसीपी २.२ चा, एका बाजूला चित्र उतरवून देणारा, आणि आवाजाची क्षमता रिसीव्हरकडून वाचतो असं स्पष्ट लिहिलेला. त्यावर ईडीआयडीचे (कोणाची क्षमता वाचायची ते ठरवणारे) छोटे खटके असतात. माहितीपत्रकात त्या खटक्यांचा तक्ता नसेल तर घेऊ नका. शिवाय पीएस ५ चे ४के १२० हर्ट्झचे गेम त्यातून जाणार नाहीत. गेम खेळताना तो काढायचा म्हणजे दर वेळी केबल उपटायची, आणि कन्सोलचं एचडीएमआय पोर्ट ढिलं होणं ही दुरुस्तीवाल्यांकडची नेहमीची केस आहे.

प्लेअर घेतलात तर आवाज ओठांच्या किंचित पुढे धावेल, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आणि आवाज मधल्यामध्ये रिसीव्हरला पोचलेला असतो. रिसीव्हरमधल्या ऑडिओ डिलेला ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि दहा-दहाने वाढवत न्या.

लेन्सपुसणी

मध्यावर अडखळणं म्हणजे बहुतेक थर बदलण्याची जागा. ६६ जीबीच्या डिस्कला दोन थर, १०० जीबीच्या डिस्कला तीन. एक थर संपून दुसरा पकडताना लेन्सला नव्याने नेम धरावा लागतो, आणि तिथे बोटाचा फिकट ठसासुद्धा पुरतो. कोरड्या फडक्याने तो पसरतो, निघत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच, मग स्वच्छ पाण्याखाली धरून मायक्रोफायबरने मधून कडेकडे टिपा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या ओळीबरोबर धावतो आणि तो वाचताना चुका दुरुस्त करणं ड्राइव्हला जमत नाही.

टूथपेस्ट, पॉलिश, सीडी घासून देणारं यंत्र, यातलं काहीही ब्ल्यू-रेवर वापरायचं नाही. सीडीचा डेटा पृष्ठभागापासून १.२ मिलिमीटर आत, डीव्हीडीचा ०.६, ब्ल्यू-रेचा फक्त ०.१. घासायला जागाच नाही, कठीण लेप गेला की डिस्क गेली.

त्याच दोन डिस्क दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर लावून बघा. तिथेही त्याच मिनिटाला अडकल्या तर दोष डिस्कचा, बदलून मागा. तिथे चालल्या तर आधी पीएस ५ चं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि वरची आवरणं काढून धूळ साठवणारी दोन भोकं व्हॅक्यूमने साफ करा, बंद करून आणि वायर काढून. तरीही नाही जमलं तर लेन्स. जाड्या पीएस ५ मध्ये ड्राइव्हचं सर्किट मुख्य बोर्डाशी जोडीने बांधलेलं असतं, दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह आणून बसवला तर तो वाचत नाही. कारागिराने जुनं सर्किट ठेवून फक्त लेन्स आणि यंत्रणा बदलायला हवी. काम देण्याआधी हे त्याला ठाऊक आहे का ते विचारा. २०२३ पासूनच्या स्लिमला ड्राइव्ह बाहेरून निघतो आणि नवा बसवता येतो, फक्त बसवल्यावर एकदा इंटरनेटवर नोंदवावा लागतो. पीएस ५ प्रोला तर ड्राइव्ह सोबत येतच नाही, तोच सुटा घेऊन जोडायचा.

सबवूफर काका

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डिस्कच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि ड्राइव्ह महिना महिना बंद ठेवू नका. लेन्सवर बुरशी धरली की तीही अशीच अर्ध्यावर अडखळते.

प्लेअरचं म्हणाल तर मी क्रम असा लावेन: आधी त्या दोन डिस्कचा छडा लावा. मग रिसीव्हर बदलायचा विचार आहे का ते ठरवा. वर्षभरात ईएआरसीवाला नवा रिसीव्हर घेणार असाल तर दुसऱ्या एचडीएमआयची गरजच संपते, पीएस ५ थेट रिसीव्हरला लागतो, डीटीएसचं रडगाणंही संपतं, आणि उरतं ते फक्त डॉल्बी व्हिजन, सीडी आणि डीव्हीडी. तेवढ्यासाठी पॅनासॉनिक घ्यायचा की नाही हे चारशे-पाचशे डॉलर कोणाच्या खिशातून जातायत त्यावर. रिसीव्हर आणखी पाच वर्षं चालवायचा असेल तर प्लेअर आत्ताच घ्या.